लानेवेनच्या घंटेचा दोर

९ सप्टेंबर १६७५

किल्ली माझ्याकडंच होती, हो. मग कुणाकडं असणार? चर्चचा कारभारी मी, तर मनोऱ्याच्या दाराची किल्ली माझ्याच घरी राहणार. आमच्या कपाटासारख्या बंद पलंगाच्या आतल्या खिळ्याला टांगलेली असते. पण घंटा वाजली त्या दिवशी मी लोक्रोनानच्या बाजारात कापड विकत होतो, हे अख्ख्या गावाला ठाऊक आहे. तेव्हा किल्लीवरून माझ्याकडं बोट दाखवायचं काम नाही. अजून कुणी विचारलेलं नाही. विचारायच्या आत लिहून ठेवलेलं बरं.

हा कागद कापडाच्या गठ्ठ्याला गुंडाळून आलेला. याच्यावर राजाचा शिक्का नाही. हल्ली बिनशिक्क्याच्या कागदाला कचेरीत कुणी विचारत नाही. मला कचेरीत न्यायचाही नाही.

आज शिपाई आले. वर पाऊस, खाली चिखल, त्यात ही पलटण. घराघरात वाटून दिले. आमच्याकडं एक आलाय, चांगला आडवा गडी, नाकावर तलवारीचा वण, आणि पलटणीतलं नाव काय तर ला व्हिओलेत. म्हणजे जांभळं फूल. बायकोला सांगितलं, तर हसली नाही. एरवी माझी लेवेनेझ हसली असती.

सगळ्या गावाला चर्चच्या आवारात उभं केलं. पॅरिसहून आलेले ब्रेकूर साहेब क्रूसाच्या पायरीवर उभे राहून बोलले. बारीक माणूस, सारखा खोकतो. फ्रेंच मलाच समजतं, कापडाच्या धंद्यामुळं, आणि थोडं पाद्रीबाबांना. म्हणून दुभाष्या मी.

साहेब म्हणाले, "राजेसाहेबांना लानेवेन कुठं आहे ते माहीत नाही. पण राजेसाहेब कोण हे लानेवेनला माहीत असायला हवं. म्हणून मी आलोय. जूनमध्ये तुमची घंटा वाजली, लोक जमले, आणि राजेसाहेबांच्या मर्जीतल्या जमीनदाराचा गाडीवान मेला. घंटा कुणी वाजवली ते नाव मला द्या. एक माणूस फासावर जाईल आणि बाकीचे घरी जातील. नाव नाही दिलंत तर शिपाई हिवाळाभर इथंच राहतील."

मी आमच्या भाषेत सांगितलं. कुणी हललं नाही. सगळे माझ्याकडं बघत होते. जणू हे सगळं मीच ठरवलंय.

११ सप्टेंबर

जूनचं लिहून ठेवतो, नाहीतर लोक आपापल्या सोयीनं बदलतील.

सेंट जॉनच्या शेकोट्या झाल्या, त्याचा दुसरा दिवस. कँपेरहून जमीनदाराच्या वाड्याकडं एक बग्गी निघालेली, मागं मोठी कुलपाची पेटी. आणि सगळीकडं बोलबाला की मिठाची पट्टी, म्हणजे मिठावरच्या कराचा हुकूम, त्या पेटीत घालून आणतायत. आमच्या ब्रिटनीत मिठावर पट्टी नाही. आमची राणी फ्रान्सच्या राजाच्या घरात लग्न करून गेली तेव्हाच ते ठरलंय. मीठ गेलं तर लोणी गेलं, डुक्कर खारवायचं गेलं, मग हिवाळ्यात खायचं काय? मी स्वतः सकाळी पेज खाता खाता घरात म्हटलं होतं, ती पेटी आज येतेय म्हणे. आणि बाजाराला निघून गेलो.

बग्गी पुलाजवळ आली आणि घंटा सुटली. आग लागल्यावर वाजवतात तशी, थांबायला तयार नाही. लोक विळे-काटे घेऊन धावले, पेटी फोडली. आत काय, जमीनदारीणबाईंचे जोडे आणि केसांचे टोप. त्यानं लोक जास्तच भडकले. मूर्खपणा उघड्यावर आला की माणूस चिडतो. बग्गी नदीत ढकलली. गाडीवान वर बसलेला होता, त्याला पोहता येत नव्हतं.

वाईट झालं. परगावचा माणूस. त्याच्यासाठी घंटा वाजवायची तर तीच घंटा वाजवावी लागणार होती. पाद्रीबाबांनी नुसतीच मेणबत्ती लावली.

१२ सप्टेंबर

जबान्या चालू. मी मधे बसून इकडचं तिकडं करतो.

पहिला झोब. घंटा वाजवायचं काम त्याचंच, म्हणून त्याच्यावर सगळ्यांचा डोळा. साहेबांनी विचारलं, त्या दिवशी कुठं होतास?

झोब म्हणाला, "गिरणीच्या मागं पडलो होतो."

"कशामुळं?"

"सायडरमुळं, साहेब. आदल्या दिवशी सण होता. साक्षीदार पाहिजेत तर गिरणीवाल्याची डुकरं आहेत. रात्रभर सोबत होती."

मी डुकरांचं वगळून सांगितलं. साहेबांना गंमत कळत नाही, आणि कळली तरी खोकला येतो.

सोएझिग सुईण आली. ती म्हणाली, "घंटा ऐकली. कुणी ओढली ते बघायला मी घंटेच्या खाली नव्हते, एका बाईच्या पायाशी होते. विचारा तिला, आता बाळ रांगतंय."

"जूनमध्ये जन्मलं आणि सप्टेंबरात रांगतंय?" मी म्हटलं.

"आमच्या गावाचं बाळ आहे, कारभारी. पळायची सवय लवकर लागते."

सगळे असेच. कुणी गाईमागं, कुणी शेतात, कुणी बहिरा. आणि बोलून झालं की प्रत्येक जण माझ्याकडं एक नजर टाकतो, पुन्हा खाली बघतो. मला राजाचा माणूस ठरवून टाकलाय. चाळीस वर्षं याच चर्चच्या छपराची कौलं शाकारून घेतोय मी. कुणाला त्याचं काही नाही.

१५ सप्टेंबर, रविवार

घंटेविना प्रार्थना. साहेबांनी आनाची जीभ दोरानं बांधून ठेवायला लावलीय. आना म्हणजे आमची घंटा. ओतून आणली तेव्हा पाण्यानं न्हाऊ घालून, पांढरी फीत बांधून, नाव ठेवलं होतं तिचं, लेकराचं ठेवतात तसं. जमीनदारीणबाई धर्माई व्हायच्या होत्या, पण त्यांना सर्दी झाली. ऐन वेळी कोण, तर लेवेनेझ पुढं झाली आणि फीत धरली. तेव्हापासून घंटा जरा चिरकी वाजली की ती म्हणते, आमची पोर आज बसलीय वाटतं. आम्हाला मूल नाही. असो.

ला व्हिओलेत लोण्याचा राक्षस आहे. धिरड्यावर लोणी, पेजेत लोणी, बोटावर लोणी. फ्रेंच म्हणायला फ्रेंच, पण उत्तरेकडच्या पिकार्दीचा शेतकऱ्याचा पोर निघाला. आमच्या भाषेतले शब्द उचलतोय. "लोणी" पहिला शिकला. मग "अजून". मग "काकू". आज म्हणाला, "काकू, अजून लोणी, नाहीतर मरतो." बायकोनं वाढलं. मला एवढं मिळत नाही.

त्याचे सदरे धुवायला पडलेत. मी म्हटलं, राख भिजव. ती म्हणाली, सोएझिगला देते, मला राखेच्या पाण्यानं होत नाही. जूनमध्ये पण असंच. मी बाजारातून आलो तर दोन्ही हातांना डुकराची चरबी लावून फडकी गुंडाळलेली. विचारलं तर म्हणे चादरी धुतल्या. आयुष्यभर चादरी धुतल्या, हात आत्ता सोलवटतात? वय झालं की बायका नाजूक होतात.

१९ सप्टेंबर

साहेबांनी एकट्याला बोलावलं. पाद्रीबाबांच्या खोलीत शेकोटीला चिकटून बसले होते.

"कारभारी, तुम्ही शहाणे माणूस दिसता. मला इथं आवडतं असं तुम्हाला वाटतं का?"

"नाही, साहेब."

"सेंट मायकेलच्या रविवारी मला नाव पाहिजे. पलटण वरून मागवलीय, सरहद्दीवर लढाई चालू आहे. मी नुसता परत गेलो तर मलाच विचारतील, ब्रेकूर, काय केलंस? राजेसाहेबांना हात हलवत आलेली माणसं आवडत नाहीत. आणि मी थोडे शिपाई मागं ठेवून गेलो तर ते माझ्याशिवाय काय करतील याची हमी देत नाही. शेजारच्या गावाचं ऐकलंत ना?"

ऐकलंय. तिथं तीन माणसं ओकच्या झाडाला लटकलीत, आणि पोरींचं कुणी बोलत नाही.

"खरं नावच पाहिजे का?" मी विचारलं. असं विचारायला नको होतं.

त्यांनी विस्तवात एक लाकूड सरकवलं. मग म्हणाले, "मला नाव पाहिजे."

घरी आलो. डोकं भणभणतंय. झोबनंच वाजवली असणार. दोर ओढायचा सराव त्याला, आना काय हलकी नाही, गड्याचं काम आहे. दारूत असला म्हणून काय झालं, पिऊन तो जास्त जोरात वाजवतो. किल्ली लागते खरी, पण दाराचं कुलूप जुनं, खिळ्यानंही उघडत असेल. त्याला बायको नाही, पोर नाही, छातीत कायम घरघर. माझं म्हणणं असं नाही की माणूस स्वस्त आहे. पण गाव मोठं आहे.

बायकोला म्हटलं, "रविवारी झोबचं नाव देतो."

ती तव्यावर पीठ ओतत होती. म्हणाली, "त्यानं नाही वाजवली."

"तुला काय माहीत?"

"तो गिरणीच्या मागं होता."

"डुकरं येऊन सांगून गेली काय?"

धिरडं करपलं. आमच्या घरात धिरडं करपलेलं मी पहिल्यांदा बघितलं.

२० सप्टेंबर

आज नवीनच खूळ. म्हणाली, "कारभारी, इकडं या. धिरडं उलटायला शिका."

मी म्हटलं, "या वयात?"

"शिका म्हणते ना. पीठ रात्रीच भिजवायचं. तवा धुरावला की चरबीचं फडकं फिरवायचं. कडा सुटल्या की उलटायचं, आधी नाही."

मला हे असलं जमत नाही. दोन फाटली, एक विस्तवात पडलं. ला व्हिओलेत मांडीवर थापा मारून हसला. ती हसली नाही, पुन्हा पीठ हातात दिलं. मग लोणच्याची बरणी कुठली, खारवलेलं डुक्कर कुठल्या पिंपात, चादरी कुठल्या पेटीत, सगळं दाखवत फिरली. मी म्हटलं, मला डोळे आहेत. ती म्हणाली, डोळे आहेत पण बघता कुठं.

घर एवढं डोक्यावर घ्यायचं कारण नाही. हिवाळा दरवर्षी येतो.

२३ सप्टेंबर

लग्नातला निळा घागरा सोएझिगला देऊन टाकला. कपाटात घडी घालून इतकी वर्षं ठेवलेला, मला हातही लावू द्यायची नाही. मी विचारलं का, तर म्हणाली, तिच्या पोरीला होईल. पोरगी काडीसारखी आहे, तिच्यासारख्या दोघी मावतील त्यात.

सकाळी पाद्रीबाबांकडं पापकबुलीला गेली ती दुपार करून आली. हिची कसली एवढी पापं? मागं एकदा शेजारणीची कोंबडी दाबून ठेवली होती, एवढंच मला आठवतं.

धुण्याच्या तळ्याजवळून गेलो तर बायकांची बडबड एकदम थांबली. सोएझिग पुढं येऊन म्हणाली, "कारभारी, घरी जा. बायकोजवळ बसा जरा."

"ती आजारी आहे का?"

"नाही."

"मग?"

"मग नका बसू," असं म्हणून चादर पिळायला लागली.

गिरणीवाल्यानं मला बसायला स्वतःचं स्टूल दिलं. हा माणूस आपल्या सासऱ्याला देत नाही. काहीतरी शिजतंय, आणि माझ्यापासून लपवतायत. वाजवणाऱ्याला सगळे ओळखतात, मी सोडून. रविवारपर्यंत मी काय करू शकतो ते त्यांना दाखवतोच.

दाखवतो म्हटलं, पण जेवण जात नाही.

२६ सप्टेंबर

झोब आपण होऊन आला. मागच्या दारानं, लाकडी जोडे हातात घेऊन, आवाज नको म्हणून. बायको गाईकडं गेली होती.

"काका, रविवारी माझं नाव द्या."

मी म्हटलं, "म्हणजे तूच वाजवलीस."

"त्यानं काय फरक पडतो? वाजवायचं काम माझं. माझ्या दोराचं झालं, तर माझ्यावरच यायला पाहिजे."

"झोब, खरं सांग."

"छातीत पाणी झालंय, काका. सोएझिग म्हणते वसंत बघणार नाही. मग आत्ताच गेलो तर काय बिघडतं? गावाच्या खर्चानं दोर मिळेल, मला नवा दोर कधीच मिळाला नाही." हसला, आणि खोकला. साहेबांसारखाच खोकतो. मग म्हणाला, "फक्त काकूंना सांगू नका. आधी सांगू नका. झाल्यावर कळू द्या."

"तिचा काय संबंध?"

"त्यांना रडू येतं, एवढंच."

गेल्यावर मी विचार करत बसलो. माणूस आपणहून मान पुढं करतोय, तर माझं काम सोपं झालं. पण कापडाचं माप घ्यायला गेलो, दोनदा चुकलं.

आणि गप्प बसायचं ठरवूनसुद्धा बायकोला सांगितलं. इतक्या वर्षांची सवय. ती तवा खाली ठेवून अंगणात गेली. पाऊस पडत होता. मी हाक मारली, आली नाही. ला व्हिओलेत उठला, आपला कोट नेऊन तिच्या खांद्यावर टाकला, आणि परत येऊन बसला. माझ्याकडं न बघता म्हणाला, "काका, तुम्ही फार दूर बघता." आमच्याच भाषेत. बरीच येतेय त्याला आता.

२९ सप्टेंबर, सेंट मायकेलचा रविवार

लिहितोय, कारण झोपून उपयोग नाही.

प्रार्थना झाली, सगळे आवारात. साहेब क्रूसाच्या पायरीवर, कारकून बाजूला टेबल टाकून, शिपाई भिंतीला लागून. ओकच्या फांदीवर दोर आधीच टाकलेला. सगळ्यांनी बघितला आणि बघितला नाही असं केलं.

साहेब म्हणाले, "शेवटचं विचारतो. घंटा कुणी वाजवली?"

मी आमच्या भाषेत सांगितलं.

झोबनं टोपी काढली आणि एक पाऊल टाकलं. त्याच्या आत बायकांच्या बाजूनं लेवेनेझ बाहेर आली. काळा झगा, कडक पांढरी टोपी, सणाला घालते तशी. सोएझिगनं तिचा दंड धरला होता, तो तिनं सोडवला. सरळ साहेबांपुढं जाऊन उभी राहिली, दोन्ही हात पुढं केले, तळवे वर, आणि बोलली. फार नाही बोलली. मोठ्यानं बोलली. शेवटच्या रांगेपर्यंत गेलं असेल.

कारकुनानं लेखणी शाईत बुडवली.

साहेब माझ्याकडं वळले. "काय म्हणते ही?"

कापडाचा व्यापार मी आयुष्यभर केलाय. गिऱ्हाईक समोर असलं की तोंड डोक्याच्या आधी चालतं. मी म्हटलं, "साहेब, ही आमच्या घंटेची धर्माई आहे. नामकरणाच्या वेळी हिनंच फीत धरली होती. ही म्हणते, राजेसाहेबांविरुद्ध ओरडली ती आमची पोर. तिला काय शिक्षा द्यायची ती द्या, पण माणसांना सोडा. पोरीच्या वतीनं हात जोडते म्हणते."

"हात जोडलेले नाहीत. पसरलेत."

"आमच्याकडं असेच जोडतात, साहेब."

मागं कुणीतरी खोकलं. साहेब पायरी उतरले, बायकोच्या जवळ आले आणि तिचे तळवे बघायला लागले. बराच वेळ.

"हे काय झालंय हिला?"

"धुणं, साहेब. राखेचं पाणी."

असं म्हटलं, आणि मग मी पण बघितलं. इतके महिने त्याच हातांनी वाढलेलं खातोय. दोन्ही तळव्यांवर आडवा जुना वण, चकचकीत, त्यात पीळ उठलेला, मेणावर दोर दाबावा तसा. धुण्यानं असं होत नाही हे आंधळ्यालाही कळलं असतं.

साहेबांनी पाद्रीबाबांना विचारलं, "बाबा, तुम्हाला दोन्ही भाषा येतात. कारभाऱ्यांनी बरोबर सांगितलं?"

पाद्रीबाबांच्या कपाळावर घाम. खोटं त्यांना बोलता येत नाही, आणि तिनं काय सांगितलंय ते त्यांनी आधीच कबुलीत ऐकलेलं. म्हणाले, "साहेब, कारभाऱ्यांचं फ्रेंच माझ्यापेक्षा फार चांगलं आहे."

साहेब खोकत राहिले. रुमालात थुंकले, रुमालाकडं बघितलं, घडी घातली. ओकच्या फांदीकडं बघितलं. मग कारकुनाला म्हणाले, "लिही. राजेसाहेबांविरुद्ध लोकांना जमवल्याबद्दल लानेवेनची घंटा दोषी ठरली आहे. घंटा उतरवून न्यायची. मनोऱ्याचा कळस तोडायचा. परत बांधायचा नाही."

मी ते सांगितलं. जसंच्या तसं. यात बदलायला काही नव्हतं.

पांगापांग झाल्यावर साहेब माझ्याजवळ आले. हळू म्हणाले, "तुमची भाषा विचित्र आहे, कारभारी. बाई एवढंसं बोलली, आणि फ्रेंचमध्ये त्याचं केवढं झालं."

"आमच्या भाषेत थोडक्यात मावतं, साहेब."

"असेल," ते म्हणाले. "पॅरिसमध्ये कुणाला ती येत नाही, हे तुमचं नशीब."

झोब टोपी हातात धरून अजून तिथंच उभा होता. मी त्याला म्हटलं, डोक्यावर घाल, सर्दी होईल.

३० सप्टेंबर

वाटलं होतं घरात गोडीगुलाबी होईल. कसलं काय. लेवेनेझ माझ्याशी बोलत नव्हती. संध्याकाळी एकदाची बोलली.

"मी सांगितलं ते सांगायचं होतं तुम्ही. तुमचं काम तेवढंच होतं."

"आणि मग?"

"मग जे व्हायचं ते. तो गाडीवान माझ्या स्वप्नात येतो, कारभारी. जोडे हातात घेऊन येतो, बायकांचे जोडे. म्हणतो, हे कुणाचे आहेत."

म्हटलं, "मला अजून धिरडं उलटता येत नाही."

तिनं चुलीतली लाकडं सारखी केली. मग म्हणाली, "त्या पेटीत मिठाची पट्टी आहे, हे मला कुणी सांगितलं होतं?"

मी जेवत राहिलो. पेज गार झाली होती.

या सगळ्यात ला व्हिओलेत कोपऱ्यात बसून बंदूक पुसत होता. आत्ता लिहिताना डोक्यात वीज चमकली. त्याला आमची भाषा येते. काल तो भिंतीलाच उभा होता. त्यानं ती काय म्हणाली ते ऐकलंय आणि मी काय सांगितलं तेही. एक शब्द साहेबांच्या कानात घातला की तिच्याबरोबर मीही. कदाचित झोबही. कदाचित पाद्रीबाबाही.

लोणी वाढवायला सांगितलंय.

५ ऑक्टोबर

आना उतरली. सुतार आपल्याच गावचे, गवंडीही आपलेच. राजाचा हुकूम आहे, पण राजा कप्पी ओढत नाही. ओढली आपल्याच पोरांनी. सावकाश उतरवली, भिंतीला कुठं लागू न देता. बायका गुडघ्यावर बसल्या होत्या. आना गवतावर टेकली तेव्हा लेवेनेझनं पुढं होऊन झग्याच्या टोकानं तिच्या काठावरची पाखरांची घाण पुसली. शिपाई अडवायला निघाला, दुसऱ्यानं त्याला मागं ओढलं. दुसरा म्हणजे ला व्हिओलेत.

दोर खाली राहिला होता. मी गुंडाळला आणि घरी आणला. चुलीत घातला. ओला होता, धूर फार झाला, पण जळला.

रोज वाटतं आज बोलावणं येईल. दारावर जोड्याचा आवाज आला की मी मागच्या दाराकडं बघतो. ला व्हिओलेत तसाच आहे, खातो, झोपतो, गाईचं शेण काढतो. रात्री कण्हतो. त्याला विचारायची हिंमत नाही. बाजाराला जात नाही. बायको म्हणते, बसा, मी आहे ना घरात. हे मला उलट वाटतं, पण बसतो.

१२ ऑक्टोबर

कळस तुटला. आता मनोरा टोपी काढून उभ्या राहिलेल्या माणसासारखा दिसतो. लांबून शेतातून बघितलं तर आपलं गाव ओळखू येत नाही. साहेब म्हणाले, तसंच पाहिजे. जाणाऱ्या-येणाऱ्यानं बघावं.

आज पलटण गेली. सरहद्दीला. साहेब घोड्यावर बसून खोकत होते, माझ्याकडं बघून मान हलवली, एवढंच. आनाला गवताच्या गाडीत घालून नेलं. कुठं, ते कुणी सांगितलं नाही. वितळवून तोफ करतील असं गिरणीवाला म्हणतो. मग ती आणखी मोठ्यानं ओरडेल, आणि तिला त्याचा पगारही मिळेल.

ला व्हिओलेत दारात उभा राहिला. पाठीवर पिशवी, पिशवीत काकूनं दिलेला लोण्याचा गोळा, कोबीच्या पानात बांधलेला. माझ्याशी हात मिळवला. मग बायकोकडं वळला, टोपी काढली, आणि आमच्या भाषेत, एकही चूक न करता म्हणाला, "काकू, हातांना जपा. परत दोर ओढायचा झाला तर आधी फडकं गुंडाळा."

आणि गेला. पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं त्याला, लोणी वाढणारे हात रोज समोर बघत होता.

बायको दाराच्या चौकटीला धरून उभी राहिली. मग हसली. किती दिवसांनी. मग रडली. मी मधे पडलो नाही.

१३ ऑक्टोबर, रविवार

प्रार्थनेची वेळ झाली हे आता झोब दारोदार लाकडी टाळ वाजवत सांगतो. आमच्या दाराशी जरा जास्तच वाजवतो. लेवेनेझ म्हणाली, आनापेक्षा हा बरा, याला पुसावं लागत नाही. गाडीवानासाठी तिनं पाद्रीबाबांना वर्षभराच्या मेणबत्त्या सांगितल्यात, मेण आमच्याच मधाच्या पोळ्यांचं. रविवारी धिरडी आता मी करतो. तिच्या तळव्यांना तव्याची धग सोसत नाही. आज एक नीट उलटलं.

वाटेत सोएझिग भेटली. निळा घागरा परत आणून दिला. म्हणाली, "कारभारी, एक विचारू? त्या दिवशी बायको नक्की काय म्हणाली? आम्ही लांब होतो, नीट ऐकू आलं नाही."

पहिल्या रांगेत होती ही. लेवेनेझचा दंड धरून.

मी तिला सांगितलं नाही. इथंही लिहिणार नाही. फ्रेंचमध्ये मी जे सांगितलं ते राजाच्या शिक्क्याच्या कागदावर आहे, ज्याला पाहिजे त्यानं पॅरिसला जाऊन वाचावं. आमच्या भाषेत ती काय बोलली ते माझ्यापाशी आहे, आणि माझ्यापाशीच राहील. पुढं काही लिहीत नाही.